तास मोजायचे की नग? घरात बाळ असताना तीन भाषांचं महिन्याचं टार्गेट

महिन्याचं टार्गेट कसं लावायचं हे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. म्हणजे घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे, एकापेक्षा जास्त भाषा सुरू आहेत (किंवा बाळाच्या आधी सुरू होत्या आणि आता कपाटावर धूळ खातायत), आणि दर महिन्याच्या एक तारखेला आपण हौसेने टार्गेट लिहितो आणि वीस तारखेला त्या वहीकडे बघायचं टाळतो. एवढ्या भाषा एकदम कशाला, बाळ मोठं होऊ दे मग कर की, हे आईने मला सांगून झालंय, तेवढं सोडून बोलू.

आमचं असंय. पुणे, कन्या जानेवारीतली, दहावा महिना चालू. भाषा तीन. जपानी ऑफिसमुळे, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एन४ (जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची खालून दुसरी पातळी) द्यायचीय. कन्नड सासरमुळे, बायको धारवाडची, पोरीशी ती आणि तिची आई कन्नडच बोलणार हे आधीपासून ठरलेलं, आणि उद्या घरातल्या तीन बायका माझ्यासमोर माझ्याबद्दल काय बोलतायत ते मला कळावं एवढीच माफक इच्छा. जर्मन ही कॉलेजातली उरलेली, ए२ म्हणजे दुसरी पातळी झालेली, सोडवत नाही म्हणून चालू. बायकोचंही जर्मन चालू आहे, तिला बी१, म्हणजे त्याच्या पुढची पातळी करायचीय, तिचा मुद्दा पुढे येईल कारण तिचं मत माझ्या बरोब्बर उलट आहे.

आता टार्गेट लावायच्या दोन पद्धती मी खरोखर वापरून पाहिल्या. एक तासांची, महिन्याला अमुक तास अमुक भाषा. दुसरीला मी नगांची म्हणतो, म्हणजे महिन्यात इतके धडे, इतक्या गोष्टी, इतकी ईमेलं, वेळ किती लागला ते विचारायचंच नाही. तिसरी एक असते, रोज थोडं करून दिवसांची साखळी तुटू द्यायची नाही वाली, ती बाळाला ताप आला त्या रात्री तुटली आणि परत जोडायची इच्छा झाली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायला माझ्याकडे फारसं काही नाही. पहिले तीन महिने मी काहीच केलं नाही, ते करूही नका, ते महिने धरायचेच नाहीत.

एप्रिलमध्ये तासांपासून सुरुवात केली. महिन्याला ३० तास, जपानी १५, कन्नड १०, जर्मन ५. कागदावर एकदम भारी दिसतं, रोजचा एक तास तर होतो फक्त, एवढा तर माणूस मोबाईल बघण्यातच घालवतो. आणि तासांच्या बाजूने खरंच बोलण्यासारखं आहे. तास म्हणजे प्रामाणिक हिशोब, धडा अवघड निघाला तरी तुमची शिक्षा होत नाही, बसलात एवढं पुरे. शिवाय तीन भाषांत वाटणी करायला सोपं, कारण जपानीचा तास आणि जर्मनचा तास साठच मिनिटांचा. नगांत तसं नाही, जपानीचा एक धडा म्हणजे जर्मनची किती ईमेलं, याला काही भाव नाही.

पण तास मोजायला लागलं की माणूस एकूण तास किती लागतात ते शोधायला जातो आणि तिथे पहिला दणका बसतो. अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा आकडा सगळीकडे फिरत असतो, जपानीला २२०० तास वर्गातले. महिन्याला १५ च्या हिशोबाने बारा वर्षं झाली, पोरगी सातवीत जाईल. नंतर डोक्यात आलं की हा आकडा इंग्रजी मातृभाषावाल्यांचा आहे. आपलं तसं नाही. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या नंतर, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. मिन्ना नो निहोंगो या माझ्या जपानीच्या पाठ्यपुस्तकाच्या चाळिसाव्या धड्यात 'ताबेते मिमासु' येतं, ते शब्दाला शब्द 'खाऊन पाहतो' आहे, 'पाहतो' सकट. त्यामुळे व्याकरणात आपला वेळ वाचतो आणि तो सगळा कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांत जातो. थोडक्यात दुसऱ्याच्या तासांवरून आपलं गणित लागत नाही. कन्नडला तर मराठी माणसाने तास लावणं म्हणजे मला जरा गंमतच वाटते, तूप म्हणजे तुप्प, अक्का-अण्णा तर तिकडूनच आलेले म्हणतात, पहिल्या आठवड्यात एवढं फुकट मिळतं की हिशोबच बिघडतो.

पण माझा निर्णय या सगळ्याने झाला नाही. माझा निर्णय टायमरने केला.

तास मोजायचे म्हणजे टायमर आला. मी एक अ‍ॅप घेतलं, तीन भाषांची तीन रंगांची बटणं, दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. बाळ नसलेल्या माणसासाठी ही अगदी क्षुल्लक गोष्ट आहे. बाळ असलेल्याने कल्पना करा, रात्रीचे साडेनऊ, पोरगी आत्ता झोपलीये, तुम्ही जपानीचं बटण दाबलंय, पुस्तक उघडलंय, अकराव्या मिनिटाला आतून आवाज, तुम्ही उठता, उचलता, खांद्यावर घेता, येरझाऱ्या सुरू, आणि मग लक्षात येतं की टायमर चालू आहे. फोन टेबलावर, दोन्ही हात बाळाला लागलेले. सोडून द्यावं तर ती मिनिटं खोटी जमा होतायत. एका हाताने जाऊन बंद करावं तर स्क्रीनचा उजेड तिच्या तोंडावर आणि आत्ता मिटायला लागलेले डोळे टक्क उघडे. मी हे दोन्ही केलेलं आहे. मग झोपवून परत आल्यावर अंदाजाने वजा करायचं, बावीस मिनिटं खांद्यावर होती का तीस? आणि दिवसाच्या शेवटी हिशोब काय, तर ११ अधिक ४ अधिक ७ अधिक ३. त्या चार मिनिटांत मी काय वाचलं विचाराल तर पुस्तक उघडून पान शोधलं.

मग प्रश्न सुरू झाले की काय धरायचं. लंगोट-दुपट्यांच्या घड्या घालताना कानात जपानी चालू होतं, ते धरायचं का? मी नियम केला की असलं ऐकणं अर्ध्या भावाने धरायचं. बाळाला कन्नड गोष्ट वाचून दाखवली, ते माझं कन्नड का तिचं? पूर्ण भावाने धरलं, पण मध्ये तिने पुस्तक तोंडात घातलं ती मिनिटं वजा. हे मी खरंच करत होतो. ऑफिसमध्ये टाइमशीट भरतो तेवढ्याने पोट भरलं नव्हतं बहुतेक.

आणि मे महिन्यातली ती रात्र. एकोणतिसावा धडा चालू होता, ज्यात 'ते शिमाइमाशिता' हे रूप येतं, म्हणजे नको ते होऊन बसणं, आपण 'विसरून गेलो', 'सांडून गेलं' म्हणतो ना तसं. टायमर लावला, पोरगी रडली, तिला पोटावर घेऊन सोफ्यावर टेकलो. सकाळी टायमरवर जपानी, ६ तास ४० मिनिटं. नेते शिमाइमाशिता. झोपून गेलो. तो धडा मला आयुष्यात परत उघडावा लागणार नाही एवढं मात्र झालं.

तुम्ही म्हणाल ती नोंद पुसून टाकायची की, दोन बोटांचं काम. पुसली. पण त्यानंतर मला त्या आकड्यांवर विश्वासच राहिला नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, हे बायकोने दाखवून दिलं म्हणून कळलं, पोरगी रडली की माझी नजर आधी फोनकडे जायची. ती तेव्हा काही बोलली नाही, दोन दिवसांनी बोलली. जूनअखेर मी ते अ‍ॅप काढून टाकलं.

मग जुलैपासून नग. यात पहिलं काम म्हणजे नग कशाला म्हणायचं ते आधी पक्कं करणं, नाहीतर फसवणूक इथेही होते, उलट जास्त होते. धडा 'वाचला' हा नग नाही. माझा जपानीचा नग म्हणजे त्या धड्यातला संवाद पुस्तक मिटून मोठ्याने म्हणता येणं आणि त्याच धड्याचं ऐकण्याचं सगळं करून होणं. ऐकणं मुद्दाम घातलंय कारण एन४ ला १८० पैकी ९० पास असले तरी ऐकण्याच्या ६० मध्ये वेगळे १९ लागतात, बाकी कितीही मिळवा, आणि घरात बाळ असताना पहिल्यांदा काय सुटतं तर शांतपणे ऐकणं.

कन्नडचा नग म्हणजे एक गोष्ट. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लहान मुलांच्या गोष्टी फुकट आहेत, पातळ्या लावलेल्या, आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही मिळतात आणि कन्नडमध्येही. आधी मराठी वाचायची, मग कन्नड, दहा-बारा पानं, पानाला दोन ओळी. लिपीत माझी गाडी ओत्तक्षरापाशी अडते, जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं ते, पण मोठ्या टायपात ते निभतं. पोरीला मांडीवर घेऊन न अडखळता शेवटपर्यंत वाचली की एक नग. अडखळलो तर उद्या परत तीच, तिची काही तक्रार नसते, तिला तीच हवी असते. परीक्षक सासूबाई. पुस्तकात 'बन्नि' (म्हणजे 'या') असतं, मी ते घरात वापरलं की त्या हसतात, धारवाडला 'बर्री' म्हणतात, पुस्तकातलं 'मने' (घर) आमच्या घरात 'मनी' होतं. म्हणजे एका नगात दोन कन्नड होतात माझी.

जर्मनचा नग एक ईमेल, ८० शब्दांचं, कारण बी१ च्या लेखी पेपरात ईमेल तेवढंच लिहायला लावतात. महिन्यातून दोन. बी१ ची चार मॉड्यूल्स (वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं) सुटी सुटी देता येतात हेही घरात बाळ असलेल्यांनी लक्षात ठेवा, एकाच दिवशी चारही द्यायची गरज नाही, आजी एका सकाळपुरती मिळाली तरी एक उरकता येतं.

नगांचा मला झालेला मुख्य फायदा असा की मध्येच थांबलं तरी काही तुटत नाही. संवादाच्या चौथ्या ओळीला पोरगी उठली, उठू दे, पुस्तकात काडी घालून ठेवायची, रात्री दोनला परत जाग आली तर पाचव्या ओळीपासून डोक्यातल्या डोक्यात म्हणायचं, अंधारात, फोनशिवाय, तिला थोपटत. टायमरला हे कळलंच नसतं. माझे निम्मे धडे असे अंधारात पाठ झालेत.

तोटेही सांगतो, नाहीतर मी विकायला बसलोय असं वाटेल. धडे सारख्या मापाचे नसतात. एकतिसावा दोन दिवसांत सुटतो, सदतिसाव्यात कर्मणी येतं आणि तिथे आठवडा जातो, तर 'महिन्याला चार धडे' याला तसा काही अर्थ नाही. दुसरं, महिनाअखेरीला पळापळ होते, अठ्ठावीस तारखेला दोन गोष्टी आणि एक ईमेल शिल्लक असं झालंय, आणि ते ईमेल मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये लिहिलंय, जाऊ दे. तिसरं म्हणजे शब्द. शब्दांना नग लावायचा मोह होतो, महिन्याला दोनशे शब्द वगैरे. नका लावू. कार्डांचं अ‍ॅप रोज उजळणी मागतं, एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट, आणि आजारी बाळाच्या आठवड्यानंतर ते उघडायचीच भीती वाटते. मी रोजची नवी कार्डं पाचवर आणलीत आणि ती टार्गेटात धरतच नाही.

मध्ये एक उपप्रश्न येतो, महिन्याला एकच भाषा की तिन्ही बरोबर. जूनमध्ये फक्त कन्नड करून पाहिलं. कन्नड छान झालं आणि जुलैत जपानीकडे आलो तेव्हा सहाशेच्यावर कार्डं साठलेली आणि कांजी एकमेकांचे चुलतभाऊ दिसायला लागलेले. तेव्हापासून एक भाषा मोठ्या आचेवर आणि बाकीच्या दोन मंद, पण गॅस बंद कुठलाच नाही. मोठ्या आचेवर कुठली ते महिना ठरवतो. या बाबतीत माझं मत बऱ्यापैकी पक्कं आहे, वरच्याइतकं गुळमुळीत नाही.

आता बायकोची बाजू, कारण तिचं तासांवर उत्तम चाललंय आणि ती माझ्या नगांना हसते. तिची सुट्टी सव्वीस आठवड्यांची, त्यात दूध पाजताना पंधरा-वीस मिनिटं ठरलेली, हात अडकलेले पण कान मोकळे, दिवसातून कितीतरी वेळा. ती जर्मन ऐकायची. जुलैत ऑफिस सुरू झालं, हिंजवडीची कंपनीची बस, जायला तासाहून जास्त, यायला त्याहून जास्त. तिला टायमर बसमध्ये चढताना लावायचा आणि उतरताना बंद करायचा, मध्ये कोणी रडत नाही (रडलंच तर ट्रॅफिकमुळे). तिचा महिना वीस तासांचा ठरतो आणि वीस तासांचा होतो. त्यामुळे तासांची पद्धत वाईट आहे असं मी म्हणणारच नाही. तिला एक अखंड तुकडा लागतो, ज्यात बाळ दुसऱ्या कोणाकडे आहे हे नक्की असतं. तो तुकडा तुमच्याकडे असेल तर तास लावा, माझं पुढचं वाचायचीही गरज नाही. मी घरून काम करतो, माझा वेळ म्हणजे चुरा, आणि चुरा किलोने मोजायला गेलं की निम्मा हाताला चिकटून राहतो.

निकाल म्हणाल तर, एप्रिल आणि मे दोन महिने तासांवर होतो, तेवढ्यात २९ ते ३२ असे चार धडे झाले. जुलै ते ऑक्टोबर नगांवर, ३३ ते ४८, सोळा. गणपतीच्या महिन्यात मुद्दाम तीनच धरले होते, जुलैत पाच झाले. पण हे काही शास्त्र नाही. जुलैतच सासूबाई राहायला आल्या, तोवर पोरगी रात्री थोडी बरी झोपायला लागली, सहाव्या महिन्यानंतर नाचणीची खीर सुरू झाली म्हणून झोपली असं आई म्हणते, सासूबाई म्हणतात मऊ भातामुळे. तर श्रेय नगांचं, सासूबाईंचं का नाचणीचं हे मी ठामपणे सांगू शकत नाही. एवढंच की अ‍ॅप काढल्यावर मला परत अभ्यासाला बसावंसं वाटायला लागलं, आणि ते सासूबाई यायच्या आठवडाभर आधी.

टार्गेट किती ठेवायचं याचं माझं पाहून-शिकून झालेलं उत्तर असं, एक तारखेला आधी कॅलेंडरवर बाळाचं काय काय आहे ते लिहा. लस, पाहुणे, प्रवास, ऑफिसचं रिलीज. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या लसीच्या आठवड्यात मी शून्य धरलं होतं, आणि तिला फार काही झालं नाही तर चक्क दोन गोष्टी जास्त झाल्या. दात येत असतील तर एक नग आपणहून कमी करा, विचारायला कोणी येत नाही.

नोंद कुठे ठेवायची, तर मी कालनिर्णयवर ठेवतो, स्वयंपाकघराच्या दाराला लटकलेलं, जिथे दुधाचे खाडे लिहितो त्याच चौकोनात. 'ज', 'क', नाहीतर 'जर', एवढंच, खाड्याच्या शेजारी. दूधवाला हिशोबाला आला की दोघांचेही खाडे एकदम दिसतात, माझे जास्त असतात. नोव्हेंबरच्या पानावर जपानी दोन लिहिलेत, ४९ आणि ५०, दोन्ही आदरार्थी रूपांचे, आणि उरलेला महिना जुन्या प्रश्नपत्रिका. कन्नड सहा गोष्टी. जर्मन एक, तेही बायको तपासून देणार असेल तर.

आणि पेन कॅलेंडरलाच बांधून ठेवा, नाहीतर पेन शोधण्यात नग विसरतो. दोरा मात्र आखूड ठेवा. आमचा लांब होता, मागच्या आठवड्यात ती दाराला धरून उभी राहिली आणि ऑक्टोबरचं अर्धं पान गेलं, दूधवाल्याला अंदाजाने पैसे दिले.